तेल बाहेर, सुपारी आत

जबडा आखडलाय, कानाखाली ठणकतंय, सकाळी तोंड उघडताना ‘कट्’ असा आवाज येतो, अशी तक्रार आपल्या मोहल्ल्यात कुणी नुसती बोलून दाखवावी. पाच मिनिटांत पाच इलाज हजर होतात. खाला सांगतात, लवंगेचं तेल लाव. चाचा म्हणतात, मोहरीच्या तेलात लसूण कडकडव आणि चोळ. शेजारच्या काकू हळदीचा गरम लेप सुचवतात. युनानी जाणणारे कुणी असतील तर रोगन-ए-बाबूनाचं नाव घेतात. आणि आता मोबाइलवाले भाऊ आहेतच. ते कलौंजीच्या तेलाचा व्हिडिओ पाठवतात, खाली बाटलीची किंमत आणि घरपोच मिळण्याची सोय. बाटलीवर ‘तिब्बे नबवी’ असं लिहिलेलं. एवढं लिहिलं की पुढे कुणी काही विचारत नाही.

या इलाजांची टिंगल करायला मी हा लेख लिहीत नाही. तेल, शेक आणि हात या तीन गोष्टींना जबड्याच्या दुखण्यात खरोखर जागा आहे. ती कुठे आहे हे आधी सांगते, मग भांडणाकडे येते.

गालावर हात ठेवून दात एकमेकांवर दाबा. कानाच्या पुढे-खाली एक गोळा टणक होताना लागेल. तो चावण्याचा स्नायू. असाच दुसरा कानशिलावर आहे. दात खरं तर चावताना आणि गिळताना तेवढे एकमेकांना टेकायला हवेत. एरवी ओठ मिटलेले आणि आत दात सुटे, ही जबड्याची आरामाची स्थिती. पण काही माणसं दिवसभर दातांवर दात दाबून असतात, रात्री झोपेत करकरा चावतात. दिवसभर गोणी उचलणाऱ्याचे खांदे दुखतात तसा मग हा स्नायू दुखतो. दुखणं कानात उतरतं, डोक्यात चढतं.

अशा जबड्याला ऊन पाण्यात पिळलेल्या फडक्याचा शेक द्या, बोटांना थोडं तेल लावून गोल गोल चोळा, दोन-चार दिवस कडक भाकरी आणि फुटाणे टाळा. बरं वाटतं, आणि वाटायलाच हवं. मात्र काम करतात ती ऊब आणि बोटं. तेल बोट घसरावं म्हणून असतं. तिळाचं घ्या, खोबऱ्याचं घ्या, कलौंजीचं घ्या, गालाला फारसा फरक कळत नाही. फरक पडतो तो बिलात.

लवंगेच्या तेलाची गोष्ट थोडी वेगळी. त्यातलं युजेनॉल खरंच बधिरपणा आणतं, दातांचे डॉक्टर आजही झिंक ऑक्साइडमध्ये मिसळून ते वापरतात. पण ते किडलेल्या दातासाठी. गालाबाहेरून लावलेली लवंग स्नायूची ओढ सोडवत नाही, आणि निव्वळ तेलाचा बोळा तोंडात धरला तर हिरडी भाजते. बाममधला पुदिन्याचा अर्क नसांना गारव्याचा भास देतो, तेवढा वेळ दुखणं मागे पडतं. बाममध्येच बहुधा विंटरग्रीनचा अर्कही असतो. तो ॲस्पिरिनचा नातेवाईक आहे आणि कातडीतून रक्तात जातो. म्हणून रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असलेल्यांनी तो डॉक्टरांना विचारल्याशिवाय रोज चोळू नये, लहान मुलांना तर लावूच नये. ‘नैसर्गिक आहे, अपाय नाही’ हे वाक्य आपल्याकडे कलम्यासारखं म्हटलं जातं. धोतराही नैसर्गिकच असतो.

२०२३ च्या डिसेंबरात ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने जबड्याच्या जुनाट दुखण्याबद्दल मार्गदर्शक सूचना छापल्या. भर होता तो जबड्याच्या व्यायामावर, जाणकार हातांनी केलेल्या मोकळेपणावर, दुखण्याकडे आणि ताणाकडे पाहण्याची सवय बदलण्यावर, आणि रुग्णाला नीट समजावून धीर देण्यावर. मिरचीच्या अर्काचं मलम, म्हणजे कॅप्सेसिन, वापरू नये अशा बाजूला पडलं. तोंडाला फळी बसवणं, इंजेक्शनं अशा महागड्या गोष्टींपैकीही बऱ्याच त्याच बाजूला गेल्या. म्हणजे आपल्या आजीचा ऊन फडक्याचा हात अगदीच अडाणी नव्हता. फक्त आजीने त्याची बाटली करून विकली नव्हती.

मराठीला हे दुखणं फार आधीपासून माहीत असावं. आपण दातओठ खातो, आपली दातखीळ बसते, आणि तोंड दाबून बुक्क्यांचा मार ही म्हण तर बायकांसाठीच बनली असावी असं मला कधी कधी वाटतं. मला भेटणाऱ्या आयांमध्ये सकाळी उठल्यावर जबडा दुखणाऱ्या बऱ्याच निघतात. नवरा मालेगावला लूमवर, सासू आजारी, कांद्याचा भाव पडलेला, आणि उत्तर द्यायची मुभा नाही. दिवसभर गिळलेलं रात्री दातांमध्ये चावलं जातं. अशा बाईला कुणी दहा मिनिटं बसवून शेक दिला, तिची विचारपूस केली, तर तो इलाजच आहे. पण तिच्या हातात बाटली देऊन ‘लाव आणि कामाला लाग’ म्हणणं याला मी इलाज म्हणणार नाही.

इथवर कुणाशी माझं भांडण नाही. भांडण आहे ते दुसऱ्या जबड्याबद्दल. तो बाहेरून सारखाच दिसतो, त्याला तेलही तेच चोळलं जातं, पण त्याचं दुखणं स्नायूत नसतं.

मी उर्दू शिकवते आणि मराठीही. दोन्हींत वाचनाची सुरुवात ‘आ’पासून होते. अलिफवर मद्द आला की तोंड पूर्ण उघडावं लागतं, नाहीतर ‘आम’चा ‘अम’ होतो. नववीतला एक मुलगा उच्चार चोरतो असं मला वाटायचं. त्याचा ‘आ’ अर्ध्यावर थांबायचा, ‘क़ाफ’ नाकात जायचा. एकदा त्याला म्हटलं, तुझी तीन बोटं उभी करून वरच्या आणि खालच्या दातांमध्ये घाल. दोन गेली, तिसरं गेलं नाही. घरी चौकशी केली तेव्हा कळलं की तिखट खाल्लं की तोंडाची आग होते म्हणून पोरगं वर्षभर वरण-भातावर आहे, आणि परीक्षेच्या टेन्शनने जबडा आखडला असेल म्हणून तीन महिने गालाला कलौंजीचं तेल चोळणं चालू आहे. खिशात रंगीत पुड्या होत्या. ‘तंबाखू नाही हो त्यात, नुसती सुपारी आहे,’ आई म्हणाली.

त्या एका वाक्यासाठी मी हा लेख लिहिते आहे.

नुसती सुपारी. उर्दूत छालिया. तिच्यात अरेकोलिन नावाचं द्रव्य असतं. गालाच्या आतल्या मऊ अस्तराखाली ते तंतू वाढवत नेतं. सुपारीतलं टॅनिन त्या तंतूंना चिवट करतं, तिच्यातलं तांबं त्यांची एकमेकांत वीण घट्ट करतं, आणि शरीर एरवी जे जुने तंतू मोडून टाकतं ते काम मंदावतं. चामडं कमावणाऱ्यांना टॅनिन काय करतं हे सांगावं लागत नाही. कच्चं कातडं त्यानेच पक्कं होतं. आपण सुपारी गालात धरून बसतो तेव्हा आपलाच गाल आतून कमावत असतो. अस्तर पांढुरकं पडतं, जीभ बाहेर यायची कमी होते, गालात दोऱ्या हाताला लागतात, फुगा फुगवता येत नाही, शिट्टी वाजत नाही. तोंड एकेक मिलीमीटर मिटत जातं. या रोगाला डॉक्टर ओरल सबम्यूकस फायब्रोसिस म्हणतात.

आता सांगा, बाहेरून चोळलेलं तेल कातडी, चरबी आणि स्नायू ओलांडून त्या अस्तराखालच्या तंतूंपर्यंत कोणत्या वाटेने जाणार? आणि समजा गेलंच, तर आतून दर अर्ध्या तासाला नवी पुडी फुटते आहे तिचं काय?

हा काही कालपरवा कळलेला रोग नाही. १९५२ साली श्वार्ट्झ नावाच्या डॉक्टरांनी केनियात राहणाऱ्या पाच भारतीय स्त्रियांच्या तोंडात तो पाहून नोंदवला. पुढच्याच वर्षी मुंबईत डॉ. एस. जी. जोशी यांनी त्याचं वर्णन केलं आणि आजचं नाव त्यावरूनच आलं. केनियापर्यंत जाऊनही आपल्या माणसांनी ही सवय सोडली नव्हती, याचा अभिमान वाटून घ्यायचा असेल तर घ्या. पुढे केरळात एर्नाकुलमला अशा ६६ रुग्णांवर १७ वर्षं लक्ष ठेवलं गेलं. त्यांतल्या ५ जणांना, म्हणजे ७.६ टक्क्यांना, तोंडाचा कॅन्सर झाला. आणि २००४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने सुपारीला, तंबाखूशिवायच्या नुसत्या सुपारीला, माणसात कॅन्सर घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं. तंबाखू त्याच गटात आहे. या गोष्टीला दोन दशकं उलटली, तरी आपल्या घरांत ‘नुसती सुपारी’ चालूच आहे.

चालू कशी राहणार नाही? आपण तिला इज्जत दिली आहे. मंगनीच्या ताटात ती, वलिम्यानंतर बडीशेपेशेजारी ती, पाहुण्यांसमोर पानदानात ती. लेकरू रडलं तर पर्समधून मीठी सुपारी. रमजानमध्ये तरावीह संपली की पोरांचा घोळका कुठे थांबतो हे मी सांगायला नको. हिंदू शेजाऱ्यांकडेही वेगळं नाही. त्यांच्याकडे गणपतीच्या जागी सुपारी मांडतात, लग्न ठरलं की सुपारी फुटते, विड्यात ती असतेच. पूजेत मांडा, ओटीत घाला, माझी काहीच हरकत नाही. तोंडात टाकू नका एवढंच म्हणणं आहे. एखाद्याला संपवायचं कंत्राट देण्याला मराठीत ‘सुपारी देणं’ म्हणतात, हा योगायोग असेल. बोलका आहे.

आता बाटलीवरच्या त्या दोन शब्दांबद्दल, कारण मला सगळ्यात जास्त राग तिथे येतो. काळ्या दाण्याची महती सांगणारी हदीस आपल्याला सगळ्यांना पाठ आहे. पण अबू दाऊद यांच्या संग्रहात आणखी एक प्रसंग आहे, तो बाटलीवर कुणी छापत नाही. सअद (रजि.) आजारी पडले, छातीचं दुखणं होतं. प्रेषित मुहम्मद (स.) त्यांना भेटायला आले, अजवा खजूर सांगितली, आणि सोबत हेही सांगितलं की सकीफ कबिल्यातल्या हारिस बिन कलदाकडे जा, तो वैद्यकी जाणतो. घरचा उपाय आणि जाणता हकीम, दोन्ही एकाच वेळी. त्याच संग्रहात असंही येतं की वैद्यकी न जाणता जो इलाज करतो, नुकसानीची जबाबदारी त्याच्यावर. ‘तिब्बे नबवी’ लिहून तेल विकणाऱ्या किती जणांनी ही जबाबदारी घेतली आहे? गिऱ्हाइकाला ‘तोंड उघडून दाखव’ एवढं तरी कुणी म्हणतं का? पाक नाव वापरायचं आणि त्या नावाने सांगितलेली अर्धी गोष्ट लपवायची, हा माझ्या मते व्यापारही नाही आणि खिदमतही नाही. कॅन्सर बरा करतो असं लिहिलेल्या बाटल्याही मी पाहिल्या आहेत. तशी जाहिरात १९५४ च्या औषधे व जादुई उपाय कायद्याने गुन्हा आहे, बाटलीवर कोणत्या धर्माचं नाव आहे हे तो कायदा पाहत नाही.

मिंबरवरून आम्हाला मोबाइलबद्दल ऐकवलं जातं, पोरींच्या कपड्यांबद्दल ऐकवलं जातं, लग्नातल्या डीजेबद्दल ऐकवलं जातं. सुपारीबद्दल एक जुमा द्या ना. फतवा नको. तंबाखू हराम की मकरूह हा वाद आलिमांनी त्यांच्या सवडीने मिटवावा. खुत्ब्याआधीच्या पाच मिनिटांत तीन बोटांची तपासणी सगळ्या सफांना करून दाखवली तर कोणत्याही मस्लकला धक्का लागत नाही.

कायद्याचं म्हणाल तर तो आहे आणि भरपूर आहे. महाराष्ट्रात जुलै २०१२ पासून गुटखा आणि पानमसाल्यावर बंदी आहे, दर वर्षी तिचा आदेश नव्याने निघतो, पुढे सुगंधी सुपारीही त्यात आली. शाळेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखू विकता येत नाही. २०१५ च्या बालन्याय कायद्याप्रमाणे लहान मुलाला तंबाखूजन्य वस्तू देणाऱ्याला ७ वर्षांपर्यंत कैद आणि १ लाखापर्यंत दंड होऊ शकतो. एवढं असून परराज्यातून आलेला माल पकडल्याच्या बातम्या आपण वाचतो आणि संध्याकाळी तोच माल टपरीवर पाहतो. साधी, वास न लावलेली सुपारी तर तंबाखूच्या कायद्यांत बसतच नाही. दहा वर्षांच्या पोराने भाजकी सुपारी मागितली तर दुकानदार सुटे परत देऊन ती हातात ठेवतो. सटाण्याच्या रस्त्याने नामपूरकडे येताना शाळा किती लागतात आणि टपऱ्या किती लागतात, हे एकदा बसमधून मोजून पाहा.

‘आमचे दादाजान नव्वदीपर्यंत अडकित्ता घेऊन बसायचे, त्यांना काही झालं नाही,’ हे उत्तर मला नेहमी मिळतं. दादाजान अडकित्त्याने एक खांड कातरायचे, अर्धी पाहुण्याला द्यायचे, आणि जेवणानंतर खायचे. नातू सकाळी सहाला पहिली पुडी फोडतो आणि झोपताना गालात धरून झोपतो. दादाजानच्या वेळी रुपया-दोन रुपयांची तयार पुडी खिशात मावत नव्हती. शिवाय ज्यांचं तोंड मिटलं ते दादाजान आता सांगायला नाहीत.

दुसरं उत्तर जास्त खरं आहे. गरीब माणूस डॉक्टरकडे जाऊन काय करणार, मजुरी बुडते, गाडीभाडं लागतं, तेल शंभर रुपयांत येतं. मान्य. पण हिशोब पूर्ण करू. तीन-चार महिन्यांच्या बाटल्या आणि त्याच काळातल्या पुड्या यांची बेरीज केली तर मालेगावच्या किंवा नाशिकच्या कितीतरी फेऱ्या त्यात बसतात. सरकारी रुग्णालयात दातांचे डॉक्टर तोंड उघडून पाहायला फार पैसे घेत नाहीत. हा रोग लवकर सापडला आणि सुपारी सुटली तर तिथेच थांबवता येतो, तोंडाचे व्यायाम आणि औषधांनी काही प्रमाणात मोकळंही करता येतं. उशीर झाला तर गालात सुया आणि शस्त्रक्रिया. गालातल्या दोऱ्या मात्र आपोआप विरत नाहीत, कोणत्याही तेलाने नाहीत.

म्हणून बाटली उघडण्याआधी तोंड उघडा. स्वतःची तीन बोटं, उभी, दातांच्या मधोमध. गेली नाहीत, तिखटाने आग होते, गाल आतून पांढरा दिसतो, किंवा तोंडातली जखम दोन आठवड्यांत भरली नाही, तर तेल बाजूला ठेवा आणि दातांच्या डॉक्टरांकडे जा. अक्कलदाढ सुजली असेल, ताप असेल, तरी तेच. पायाला खिळा लागल्यानंतर काही दिवसांनी दातखीळ बसली तर तो धनुर्वात असू शकतो, तिथे तासाचाही उशीर नको. आणि चालताना, जिना चढताना जबडा दुखतो, सोबत घाम, दम, छातीवर दाब, डाव्या हातात कळ, तर ते दुखणं जबड्याचं नाही, हृदयाचं आहे. बायकांमध्ये तर छाती न दुखता नुसता जबडा आणि पाठ दुखूनही हृदयविकार येतो. अशा वेळी घरात लवंगेचं तेल शोधत बसू नका, गाडी शोधा. १०८ ला फोन करा.

तंबाखू सोडायची असेल तर १८००-११-२३५६ हा सरकारी क्रमांक फुकट आहे. सुपारीचं व्यसन हेही व्यसनच असतं, तलफ येते, हात खिशाकडे जातो, चिडचिड होते. पोराला मारून ती सुटत नाही. त्या नववीतल्या मुलाच्या खिशात आता खोबऱ्याचे तुकडे असतात. तोंड अजून अडीच बोटांवर आहे, डॉक्टरांनी सांगितलेले व्यायाम तो मधल्या सुटीत वर्गाच्या मागे उभा राहून करतो आणि बाकीची पोरं त्याची नक्कल करतात. करू दे.

दिवाळीनंतर लग्नसराई सुरू होईल. आमच्या घरातही एक निकाह आहे. ताटात बडीशेप असेल, खडीसाखर असेल, सुकं खोबरं आणि वेलची असेल. छालिया नसेल. नातेवाइकांत दोघं-तिघं आतापासूनच कुरकुरत आहेत की अशाने पाहुण्यांचा मान राहत नाही. त्यांच्यासाठी मी दरवाजात वेगळी व्यवस्था ठेवणार आहे: एक आरसा आणि एक बॅटरी.